सुपातलं लेकरू

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या परसातला आड आटला, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच दिवशीच्या आहेत. तशा त्या नसणारच. पण आठवताना मला दिसतं ते असं, की पुढच्या रस्त्यानं गुलाल उधळत ट्रक चाललाय, हलगी वाजतेय, पोरं नाचतायत, आणि मागं परसात अव्वा आडात पोहरा सोडून उभ्या आहेत. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या लिंगायतांत आईसारखंच सासूलाही अव्वाच म्हणतात. पोहरा खाली टेकल्याचा आवाज आला. पाण्यात पडल्याचा नव्हे, दगडावर आपटल्याचा. त्यांनी तो वर ओढला तर त्यात मूठभर ओली माती. ती त्यांनी बोटांनी चाचपून बघितली, परत आडात टाकली आणि मला म्हणाल्या, "जा, कढईतलं तेल जळून राहिलंय." एवढंच बोलल्या. पण त्या दिवसापासून परसात उभं राहिलं की मला त्या आडाकडं पाठ करवत नसे. उघड्या तोंडाचं काहीतरी मागं बसलंय असं वाटायचं.

मी त्या घरात आले तेव्हा पुरती वाढलेलीही नव्हते. माझं माहेर देगलूरच्या पलीकडं. तिथं बाजारात भाव मराठीत सांगतात आणि भांडण तेलुगूत करतात. लातूरला यायचं तर उदगीरला गाडी बदलावी लागे, आणि ती दुसरी गाडी कधी येईल हे तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. त्यामुळं माहेर म्हणजे वर्षातून एकदा, तेही जमलं तर. सहावीत माझी शाळा सुटली, कारण आई अंथरुणाला खिळली आणि भाकरी थापायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आजही लिहायला बसले की जोडाक्षराशी थांबते. अशी ही अर्धवट, दूरची, बोलताना मध्येच तेलुगू शब्द टाकणारी सून अव्वांनी कशी सांभाळली असेल याचं मला आता नवल वाटतं. तेव्हा मात्र मला सारखी धाकधूक असे की कधीतरी यांच्या ध्यानात येईल, आपण चुकीची मुलगी आणली.

आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पुढं पत्र्याची शेड, चार बाकडी, आणि मागं आम्ही राहायचो त्या दोन खोल्या. जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर परगावचे कारकून आले, आणि त्यांना सकाळी दहाच्या आत काहीतरी गरम खायला लागे. आमचे हे गल्ल्यावर, सासरे अप्पा चहाच्या भट्टीवर, आणि मागं अव्वा आणि मी. कांदाभजी, मिरचीची भजी, दुपारी शेव आणि लसणाचा चिवडा, आणि सकाळी सुशीला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वरून डाळव्याचं कूट. मुरमुरे क्षणभर पाण्यात बुडवून लगेच पिळायचे. जरा उशीर झाला की लगदा. अव्वा मला म्हणायच्या, "हाताला कळाया पायजे, डोळ्याला न्हाई." दुष्काळात त्या एका पातेल्यातल्या पाण्यात सगळे मुरमुरे भिजवायच्या आणि शेवटचं पिळलेलं पांढुरकं पाणी शेळीपुढं ठेवायच्या. शेळीही समजूतदार झाली होती. भांडं चाटून कोरडं करायची आणि मग आमच्याकडं बघत राहायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. अव्वांनी एका शब्दानं टोचलं नाही. पण गल्लीत कुणाची ओटी भरायची असली की बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकेकीपुढं येत आणि माझ्यापाशी आल्या की त्यांना मध्येच काहीतरी आठवे, घरात दूध ठेवलंय, नाहीतर पोरगं रडतंय. बारशाला आम्हाला बोलावणं यायचं ते अव्वांच्या नावानं. अव्वा म्हणायच्या, "मला गुडघं हायती, मी न्हाई जात." त्यांचे गुडघे चांगले होते.

कचेऱ्यांकडं जाणारा रस्ता तेव्हा दुष्काळी कामावर रुंद करत होते. खेड्यापाड्यांतली माणसं येऊन रस्त्याच्या कडेनं पालं ठोकून राहिली होती आणि दिवसभर खडी फोडायची. सगळी सकाळ तो आवाज. भज्याचं पीठ कालवताना माझा हात आपोआप त्या हातोड्यांच्या तालावर चालायचा. त्या टोळीतली सरूबाई रेणापूरकडची, माझ्याच वयाची. कधीमधी पाणी मागायला परसदारी यायची. पोट दिसत होतं. मी तिला सांडशीनं नव्हे, हातानं भजं द्यायची आणि ती ते पदरात बांधून घ्यायची. "आत्ता खा की," म्हटलं तर म्हणायची, "हे आत गेलं की मंग त्येला भूक लागती, निजू देत न्हाई."

एका दुपारी ती आली ती सूप घेऊन. बरोबर टोळीतली एक म्हातारी. सुपात फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं, अजून नाळही पडली नसेल. म्हातारी उंबऱ्याबाहेरच बसली आणि म्हणाली, "हिचं लेकरू इकायचंय."

मी झारा कढईत सोडून पुढं झाले. मला वाटलं, दुष्काळ आता इथवर आला. अव्वा आतून आल्या, सुपाकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "घाबरू नको. रीतीचं म्हणून राहिली ती."

ही रीत आमच्याकडंही होती, पण मी कधी बघितली नव्हती. जिची मुलं जगत नाहीत ती बाई नवं लेकरू सुपात घालून दुसरीला विकते. मूठभर जोंधळे, हीच किंमत. त्या दिवसापासून लेकरू घेणारीचं. आई त्याला दूध पाजते, न्हाऊ घालते, पण माझं म्हणत नाही. त्याच्या अंगावर नवं कापड घालायचं नाही, घरोघर मागून आणलेल्या चिंध्यांचंच घालायचं, आणि नाव ठेवायचं धोंडू नाहीतर दगडू, म्हणजे हे काही मोलाचं आहे असं कुणाला वाटू नये. पाच दिवाळ्या झाल्या की आईनं यावं, जोंधळे परत द्यावेत आणि आपलं लेकरू न्यावं. सरूबाईची याआधीची गेली होती, सगळी महिन्याच्या आत.

"पण माझ्याकडं कामून आलीस?" मी विचारलं. "ह्या कामाला लेकुरवाळी लागती."

"समदी गल्ली इचारली म्या," सरूबाई म्हणाली. तिचा चेहरा सुजलेला होता आणि ती भिंतीला धरून उभी होती. "कुणाचं एक गेलंय, कुणाची दोन. तुमच्या घरचं कुणी गेलं न्हाई."

"मला झालंच न्हाई कुणी."

"मंग तेच की, माय," म्हातारी म्हणाली. "तुझ्या घराची वाट त्येला ठावंच न्हाई."

त्येला म्हणजे कुणाला, हे कुणी बोललं नाही. परसात आडाच्या काठावर कावळा बसला होता, अव्वांनी त्याला हाकललं. मग त्या आत गेल्या, डब्यातले जोंधळे मुठीत घेऊन आल्या आणि माझ्या हातात ओतले. मी ते सरूबाईच्या पदरात टाकले. तिनं सूप उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "माझी." तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी वळून अव्वांकडं बघितलं. अव्वा मागून म्हणाल्या, "म्हण की गं. तिथं काय परीक्षा हाय?" मी म्हटलं.

गल्लीत कुजबुज झाली, कोणाची, कोणत्या जातीची. शेजारच्या काकू अव्वांना विचारायला आल्या. अव्वा म्हणाल्या, "आधी पाजून घेऊ, मंग इचारू." ते विचारणं पुढं कधी झालंच नाही.

मग मी चिंध्या मागायला निघाले. ज्या घरांत मला ओटी भरू देत नव्हते, त्याच घरांच्या दारात उभी राहून मी म्हणायची, "धोंडूला कापड वाढा." कुणी जुन्या इरकलीचा काठ दिला, कुणी शाळेच्या गणवेशाचा तुकडा. ज्या घरात धान्य नव्हतं त्यांनीही चिंधी दिली. आईनं मला हातशिलाई शिकवली होती, तिच्या उशाशी बसून मी गोधड्या शिवलेल्या. त्या सगळ्या तुकड्यांची मी कुंची शिवली, कडेनं कवड्यांऐवजी चिंचोके भोकं पाडून लावले. एकही रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. पोर दिवसा आमच्याकडं आणि रात्री सरूबाईच्या पालात असे. दुपारच्या सुट्टीत सरूबाई पाजायला यायची, तेव्हा ती कुंची उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायची, "लई वंगाळ झाली." वंगाळ म्हणायचं हाही रीतीचाच भाग. मग ती हसायची आणि मलाही हसू यायचं. सगळ्यांनी धोंडू म्हणावं, पण मी एकटी असले की माहेरच्या तेलुगूत तिला बिड्डा म्हणायची. बिड्डा म्हणजे लेकरू.

खडीचं काम संपलं तशी टोळी उठली. सरूबाईचा नवरा म्हणाला, साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर जायचं, तिथून पुढं निजामाबादेकडं. उघड्यावरच्या फडात तान्हं लेकरू न्यायला ती धजेना. जायच्या दिवशी तिनं आमच्या परसात बसून शेवटचं पाजलं, बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुमचीच हाय. तुमीच बगा." उठून चालायला लागली. चोळी दुधानं ओली झालेली दिसत होती. पुढं बरेच दिवस मी शेळीचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजत राहिले.

ती परत आली नाही त्या उन्हाळ्यात, ना पुढच्या दिवाळीला. माणसाला सुख नीट घेता येत नाही, निदान मला तरी. पोर रांगायला लागली, बाकड्याखाली शिरून सांडलेले मुरमुरे वेचून खायला लागली, कचेरीतले कारकून तिला "काय धोंडूबाई, आज काय भाव?" विचारायला लागले, आणि मी मात्र रस्त्यावर ट्रक थांबला की हातातलं काम टाकून बघायची, तोडीवरची माणसं उतरतायत का. गावोगाव पावसासाठी साकडं घालत होते. अप्पा रोज संध्याकाळी विभूती लावून महादेवापुढं बसायचे. मीही हात जोडायची, पण आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं. पाऊस पडला की बाहेर गेलेली माणसं आपापल्या गावी परततात. रेणापूर तर हाकेच्या अंतरावर.

पाऊस पडला. अंगणात बायका भिजत उभ्या होत्या. मी पोरीला कडेवर घेऊन आतल्या खोलीत बसले.

नागपंचमी आली तेव्हा ती दोन वर्षांच्या आसपास होती आणि मला आई म्हणत होती. अव्वांचा जीव तिच्यावर इतका बसला होता की त्यांच्या हातून ते झालं. त्यांनी गोलाईच्या बाजारातून हिरवं खणाचं कापड आणलं, शेजारच्या मशीनवर परकर-पोलकं शिवून घेतलं, जंगम स्वामींना बोलावून तिच्या गळ्यात लिंग बांधलं आणि म्हणाल्या, "किती दिवस चिंध्यात ठिवायची? आता आपलीच की." पोर त्या परकरात गोलगोल फिरत होती आणि दारातून येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. मी अव्वांकडं बघितलं. त्यांनी नजर चुकवली. पंचमीची दिंडं उकडत होती, सगळ्या घरात पुरणाचा वास होता.

दोन-तीन दिवसांनी तिला उलटी-हगवण सुरू झाली. नव्या पावसाचं गढूळ पाणी आलं होतं, गल्लीत आणखीही मुलं आजारी होती. हे मला आज समजतं. त्या दिवशी फक्त दोरीवर वाळत घातलेला तो हिरवा परकर दिसत होता. सकाळी तिचे डोळे आत गेले, ओठ कोरडे पडले, आणि हाक मारली की ती नुसती बघायची, जणू मी कुणी ओळखीची होते पण नाव आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर घरी आले, खुंटीला सलाईनची बाटली टांगली आणि म्हणाले, "हात हलवू देऊ नका. आजचा दिवस बघू."

त्याच सकाळी अप्पा भट्टीवरून आत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ती आलीय."

मी खिडकीतून बघितलं. सरूबाई समोरच्या कडुलिंबाखाली उभी होती. वाळली होती, रापली होती, पण लुगडं धुतलेलं होतं आणि पदराला मूठभर जोंधळ्यांची असावी तशी गाठ होती. अजून पाच दिवाळ्या झाल्या नव्हत्या. तिला धीर निघाला नसणार. मला सगळं एकदम समजलं. पोर जगली तर ही तिला नेणार, आणि नाही जगली तर तो नेणार, ज्याला आमच्या घराची वाट ठाऊक नव्हती. मी पोरीचा सलाईनचा हात धरून बसले. देवाला काय मागावं ते मला कळेना. शेवटी मी एवढंच म्हटलं, जगू दे, मग ती नेऊ दे. 

अव्वा बाहेर गेल्या. मला सगळं ऐकू येत होतं.

"आत ये," अव्वा म्हणाल्या. "लेकरू बिमार हाय. ये, बघ."

सरूबाई मागं सरकली. "कवापासून?"

"काल दुपारपासून."

"मी काल दुपारीच ठरवलं," ती म्हणाली. "खुरपताना मनात आलं, आता आनावं. नुसतं मनात आलं, आक्का."

"अगं, पाणी वंगाळ आलंय. आन् चूक माझी हाय. मी नवं कापड घातलं तिला."

"न्हाई. तुमी लई चांगल्या हाव. पर मला माझं ठावं हाय. माझी नजर पडली की ऱ्हात न्हाई लेकरू."

ती आत आली नाही, गेलीही नाही. दिवसभर लिंबाखाली दाराकडं पाठ करून बसून राहिली. अप्पांनी तिला चहा नेऊन दिला, दुपारी मी सुशीला पाठवली. तिनं ताट मांडीवर घेतलं आणि तसंच ठेवलं. हॉटेलात गिऱ्हाइकं येत होती, भजी तळली जात होती, कुणीतरी जिल्ह्याला नवे साहेब आल्याची बातमी सांगत होतं. संध्याकाळच्या आत पोरीला लघवी झाली. डॉक्टरांनी ओला फडका बघितला आणि पहिल्यांदा बाकड्यावर टेकले, चहा मागितला. थोड्या वेळानं पोर मला म्हणाली, "आई, पाणी."

मी बाहेर गेले आणि सरूबाईच्या पाठीमागं उभी राहून सांगितलं, "पाणी मागितलं तिनं." तिची पाठ हलली. मग मी ते बोलले जे बोलायचा मला दिवसभर धीर होत नव्हता. "सरूबाई, तुझ्यामुळं न्हाई झालं हे. काल सकाळपासूनच तिनं खाल्लं नव्हतं, तू मनात आणायच्या आधीपासून. मी खोटं कशाला बोलू? बरी झाली की ने तिला. तुझी हाय."

"तसं म्हनू नगस," ती घाईनं म्हणाली, आणि इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. "माझी न्हाई ती. म्या इकली. मोठ्यानं म्हन, कुणाची हाय?"

"माझी," मी म्हटलं. माझा आवाज पत्र्याच्या शेडपर्यंत गेला. बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली.

रात्रभर ती तिथंच होती की मुक्कामाला कुठं गेली, मला माहीत नाही. सकाळी पोर उठून बसली, आंबील प्यायली आणि चिडचिड करायला लागली. अव्वा म्हणाल्या, चिडली म्हणजे वाचली. आणि मी बाहेर बघितलं तर सरूबाई उभी होती, निघायच्या बेतानं.

"येत न्हाई आता मी," ती म्हणाली. "पाच वर्सानीबी न्हाई. जायच्या आदी एकदा दाव. पाठमोरी दाव, तोंडावर नजर नगं माझी."

मी पोरीला आणलं. तिला जुन्या कुंचीत गुंडाळलं होतं, आता ती आखूड झाली होती आणि पाय बाहेर लोंबत होते. तिचं तोंड माझ्या छातीशी धरलं आणि मी सरूबाईकडं तोंड करून उभी राहिले, म्हणजे तिला पोरीची पाठ दिसेल. तिनं हात लावला नाही. ती बघत राहिली, मान, कुंचीतून निसटलेले केस, मग खाली टाचा. टाचांपाशी बराच वेळ थांबली. "लई वंगाळ हाय," ती म्हणाली, "पाय तर कसे फेंगडे."

मी किती धरून ठेवणार? आजारातून उठलेलं लेकरू, त्याला नवा आवाज ऐकू आला. तिनं माझ्या हातातून मान सोडवली आणि वळून बघितलं. सरूबाईनं त्याच क्षणी पदर ओढून तोंड झाकून घेतलं, हनुवटीपर्यंत. अव्वा पोरीशी रोज असंच खेळायच्या, पदर तोंडावर ओढायचा आणि मग बाजूला करून बुवा कुक् करायचं. पोर हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. तिनं सलाईनची पट्टी लावलेला हात पुढं केला आणि त्या झाकलेल्या तोंडाकडं बघत, ते आता उघडेल म्हणून, खांदे वर करून थांबली. पदराआड श्वास जोरात चाललेला दिसत होता, कापड आत-बाहेर होत होतं. मग सरूबाई तशीच वळली. तोंड झाकलेलंच ठेवून, एका हातानं भिंत चाचपत, ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली. पोर थांबलीच होती.